आदिवासींच्या सार्वमतात मी ‘येस’ का लिहिले

मेलबर्न,
२२ ऑक्टोबर २०२३

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, ऑस्ट्रेलियातील १४ तारखेच्या सार्वमताचा निकाल वाचून तुम्ही विचारलेत की, आपण इथे बाहेरून आलेली माणसे, मग इथल्या आदिवासींच्या प्रश्नात मी इतकी ठाम बाजू का घेतली. मतदान इथे सक्तीचे आहे, परंतु मतपत्रिकेवर ‘येस’ मी पूर्ण विचाराने लिहिले.

या लोकांना देशाचे पहिले रहिवासी म्हणून राज्यघटनेत मान्यता मिळावी आणि त्यांच्याविषयीच्या निर्णयांबाबत संसदेला व सरकारला सल्ला देणारे ‘व्हॉइस’ नावाचे मंडळ घटनेनेच स्थापावे, एवढाच प्रस्ताव होता. तो सल्ला कोणावर बंधनकारक नव्हता. मग त्यासाठी घटनादुरुस्ती कशाला, असे अनेकांनी विचारले. त्याचे उत्तर मला इतिहासात सापडले: १९९० साली सुरू झालेला त्यांचा निर्वाचित आयोग २००५ साली संसदेने कायदा करूनच बरखास्त केला. म्हणूनच २०१७ च्या उलुरू निवेदनात, म्हणजे आदिवासी प्रतिनिधींच्या संयुक्त आवाहनात, त्यांनी घटनेतले स्थान मागितले.

अशा मंडळामुळे नागरिकांमध्ये वंशावरून भेद होईल, हा विरोधकांचा आक्षेप मला पटला नाही. ज्या घटनेने १९६७ पर्यंत लोकसंख्या मोजताना आदिवासींना वगळले होते, तिने आता त्यांचे ऐकून घेणे हा भेदभाव कसा ठरेल? आपल्या राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतही जनजाती सल्लागार परिषदेची तरतूद आहे आणि तिच्यामुळे आपल्या महाराष्ट्रात कोणाची समानता हिरावली गेलेली नाही. सिनेटर जसिंटा प्राइस यांच्यासारख्या आदिवासी नेत्यांनीही विरोध केला, हे खरे, आणि त्यांचे म्हणणे मी आदराने ऐकले. मात्र आदिवासींची वस्ती मोठी असलेल्या दुर्गम भागांतील बहुसंख्य मतदान केंद्रांवर कौल ‘येस’च्याच बाजूने गेला. ‘माहीत नसेल तर नो लिहा’ या प्रचाराने मला फार दुःख झाले, कारण माहीत नसेल तर माहिती करून घेणे हे मतदाराचे कामच आहे.

देशभरात सुमारे साठ टक्के मते विरोधात पडली आणि सहांपैकी एकाही राज्याने होकार दिला नाही.

आता तुमच्या प्रश्नाविषयी. आम्ही घर घेतले ती जमीन वुरुंजेरी या आदिवासी लोकांची आहे, आणि ही भूमी कोणाच्याच मालकीची नव्हती, ही समजूत येथील सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्येच खोटी ठरवली. इंग्रजांनी ती घेतली तेव्हा आपण येथे नव्हतो, तरी तिचा लाभ आज आपल्यालाही मिळतो आहे. म्हणून उशिरा आलेल्या माणसावरही हे ऋण आहे, असे मी मानते. व्हिक्टोरियात आदिवासींची निर्वाचित सभा राज्य सरकारशी करार करण्याच्या तयारीत आहे, आणि त्या कामाला माझा पाठिंबा राहील.

तुमची,
लेक