कोल्ड स्टोरेजमधल्या भाऊंस

भाऊ, सप्रेम नमस्कार.

नाव लिहू नका, असं तुम्ही बजावलं होतंत. बाहेरच्या बाईला आत घेतलं हे शेठना कळलं तर बोलणी बसतील म्हणालात. म्हणून नाव नाही, कंपनीचंही नाही. कोळंबी-म्हाकूल गोठवून परदेशी पाठवणारी जागा आपल्या रत्नागिरीत काही एकच नाही, तेव्हा निर्धास्त असा.

येऊन दोन आठवडे झाले, पण बॅग अजून पुरती रिकामी केलेली नाही. काल हातमोजे काढले, त्यांना बांधलेला तुमचा हिरवा दोरा हाताला लागला आणि हे लिहायला बसले.

चौसष्टाव्या वर्षी अंटार्क्टिकाला निघालेली बाई म्हणजे लोकांना करमणूकच. पुण्यातल्या त्या चकाचक दुकानातला मुलगा "आजी, तुम्ही स्वतः जाणार?" असं विचारून शेजारच्याकडे बघून हसला आणि हसता हसता उणे तीसचं जॅकेट माझ्या गळ्यात मारलं. वर 'वॉटर रेझिस्टंट' म्हणून एक पँट. ट्रॅव्हल कंपनीला मी तीनदा फोन केला. बोटीवर काय मिळतं आणि घरून काय न्यायचं, एवढाच माझा प्रश्न. तिन्ही वेळा वेगळा आवाज आणि उत्तर तेच, "मॅम, लिस्ट मेल केली आहे." त्या लिस्टमध्ये 'पुरेसे उबदार कपडे' असं एक कलम होतं. पुरेसे म्हणजे किती, हे रत्नागिरीत जन्म काढलेल्या बाईला कसं कळावं? आमच्याकडे पौषात रात्री चादर ओढली की झाली थंडी. जाड पार्का, म्हणजे टोपीचा उबदार कोट, बोटीवरच मिळतो आणि रबरी बूटही तिथेच वापरायला देतात, हे टोरांटोहून लेकीने शोधून सांगितलं, तोवर जॅकेटचं बिल भरून झालं होतं. त्यात ब्यूनोस आयर्सहून, बोट सुटते त्या उशुआयाला जाणाऱ्या विमानात आम्हाला सामान १५ किलो. जॅकेटच अर्धी बॅग खात होतं.

बांगडे निवडता निवडता हे रडगाणं मी तुमच्या आईपुढे गायले. त्या म्हणाल्या, "आमचा पोरगा रोज त्यातच असतो. त्याला दाखवा कपडे."

मी सगळं अंगावर चढवूनच रिक्षाने आले, आठवतं ना? आत सुती बनियन, त्यावर दोन स्वेटर, त्यावर ते जॅकेट. रिक्षावाला आरशातून बघत होता. दारात पोचेपर्यंत घामाने निथळले होते. तुम्ही हसला नाहीत. नवा कामगार पाळीवर आला की त्याला बघत असाल, तसं वरपासून खालपर्यंत बघितलंत आणि म्हणालात, "चला काकू, पाच मिनिटं आत."

दाराशेजारच्या फळ्यावर खडूने उणे १८ लिहिलेलं होतं. पहिलं मिनिट झकास गेलं. दुसऱ्या मिनिटाला पाठीवरचं बनियन गार पडायला लागलं, आणि तिसऱ्याला कोणी ओला पंचा पिळून पाठीवर टाकावा तसं झालं. एवढं अठरा हजारांचं जॅकेट, पण घाम आत अडकलेला. बाहेर आल्यावर तुम्ही एवढंच म्हणालात, "आतलं सुती काढा. घाम धरून ठेवतं ते. लोकर नाहीतर तो सिंथेटिक थर, आणि घाम यायच्या आधी एक कपडा उतरवायचा." मग माझे गमबूट बघितलेत. मी दोन जाड मोजे कोंबले होते. बोटं हलवा म्हणालात. हलेचनात. एक जोड काढायला लावलीत. "घट्ट झालं की रक्त फिरत नाही, काकू. मोकळं असलं की ऊब राहते."

आणि तो तांब्या! पुण्याची पँट घातलेल्या माझ्या गुडघ्यावर तुम्ही तांब्याभर पाणी ओतलंत आणि घड्याळ लावून बसलात. दहा मिनिटांत गुडघा ओला. मग खलाशी घालतात ती रबरी पँट बंदरावरच्या दुकानातून घ्यायला सांगितलीत, साडेसहाशे रुपयांची. "नवी कोरीच घ्या, कोणाची वापरलेली नको, वास जात नाही." बोटीवर ती पँट बघून आमच्या गाइडने अंगठा वर केला, हे तुम्हाला कळायलाच हवं.

तुमचं एक वाक्य मला ड्रेकच्या सामुद्रधुनीत रात्रभर पुरलं. उशुआया सोडल्यावर दोन दिवस तो समुद्र, बोट पाळण्यासारखी, लेक आडवी, मी कडं धरून. "आमच्याकडे उणे १८ आणि तुमच्याकडे उन्हाळ्यात शून्याच्या आसपास. मग घाबरता कशाला? तिथे दोनच वैरी, वारा आणि पाणी." इतक्या लोकांना विचारून झालं होतं, पण तुमचं गोदाम तिकडच्या किनाऱ्यापेक्षा थंड आहे, हे मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं.

पण भाऊ, हे सगळं कदाचित आणखी कोणी सांगितलंही असतं. हे पत्र आहे ते दोऱ्याचं.

मी निघाले तेव्हा तुम्ही थांबा म्हणालात. कोपऱ्यात जाळं सांधायच्या हिरव्या नायलॉनच्या दोऱ्याची गुंडी पडली होती. मला दोन्ही हात पसरून उभं केलंत. एका मनगटापासून खांद्यांवरून दुसऱ्या मनगटापर्यंत दोरा धरलात, वर वीतभर सोडलात आणि दाताने तोडलात. माझ्या जाड हातमोज्यांच्या कडेला दोन्हीकडे जाळ्याची गाठ मारलीत. बोलत मात्र होतात भलतंच, पापलेट यंदा किती कमी आलं ते. गाठीकडे बघतही नव्हतात. मग लहान मुलाला अंगडं घालावं तसा तो दोरा जॅकेटच्या बाह्यांतून ओवून दिलात. "फोटो काढायला मोजा काढाल आणि खाली टाकाल. आत पातळ मोजा राहू द्या, वरचा लोंबू दे."

तेव्हा मला थोडं हसू आलं होतं, खरं सांगते.

कव्हरविल बेटावर जेंटू पेंग्विनांची मोठी वसाहत आहे. हल्ली बर्ड फ्लूमुळे किनाऱ्यावर बसायचं नाही, गुडघा टेकायचा नाही, पिशवीसुद्धा खाली ठेवायची नाही. बोटीवर परतताना बूट जंतुनाशकात धुवायचे. पहिल्या उतरणीआधी तर आमच्या कपड्यांची झडती झाली आणि माझ्या पायमोज्यात, कुठे तोंड लपवू असं झालं, आपल्या सड्यावरचं एक कुसळ निघालं! एका मुलीने ते चिमट्याने उपटलं. तिकडे फुलणाऱ्या देशी वनस्पती मोजून दोन. त्यात माणसांबरोबर आलेलं एक परकं गवत किंग जॉर्ज बेटावर आधीच रुजलंय. तिची काळजी मला पटली. लाज वाटली ती वाटलीच.

तर अशा ठिकाणी पेंग्विनांच्या विष्ठेने माखलेल्या जमिनीवर मोजा पडणं म्हणजे काय, ते बघा. माझ्या पुढच्या एका काकांचा पडला. उचलायला वाकले तोच वाऱ्याने घसरत पाण्यात. मला कॅमेरा काढायचा होता. उजवा मोजा ओढला, सोडून दिला, तो कोपरापाशी लोंबत राहिला. वाऱ्यात फडफडला, पण गेला कुठेही नाही. समोर एक पेंग्विन चोचीत खडा धरून घरट्याकडे निघालेला. अगदी निवांत फोटो काढले. रबरी होडीत परतताना गाइडने गाठ बघून विचारलं, कोणी मारली? मी मराठीतच म्हटलं, आमच्या मिरकरवाडा बंदराची आहे. त्याला काय कळलं असेल ते असो.

धंदा नसलेला माणूसच खरं सांगतो, असं मी म्हणणार नाही. तुमची आई धंदाच करते आणि इतक्या वर्षांत शिळा मासा माझ्या पिशवीत कधी पडला नाही. दुकानातल्या त्या मुलालाही 'तुम्हाला याची गरज नाही' म्हणता आलं असतं. फोनवरच्या त्या मुलींपैकी एखादीला लिस्ट उघडून माझ्याबरोबर वाचता आली असती. तुम्ही तर पाळीच्या मधल्या सुट्टीतला चहा सोडलात. मी तो तसाच थंड पडलेला बघितला होता.

तिकडून काही आणता येत नाही, खडा नाही, पीस नाही. तुम्ही मागितलं होतंत ते मात्र आणलंय, वहीत लिहून: १३ जानेवारी, सकाळी साडेनऊ, नेको हार्बर, अधिक २. तुमच्या फळ्यावर त्या दिवशी किती होतं, ते आईंजवळ सांगून ठेवा. बुधवारी बांगड्यांना येते.

तुमची,
काकू