बास्केटबॉलची निवड चाचणी आणि नवखी मुले

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

शाळा सुरू होऊन आता चांगल्याच स्थिरावल्या आहेत आणि जळगाव, धुळे व नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत ज्या शाळांना बास्केटबॉलचे मैदान आहे तेथे चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील संघांच्या निवडीची गडबड सुरू झाली आहे. या दिवसांत क्रीडाशिक्षकांकडे आणि आता निवृत्तीनंतर माझ्याकडेही एक प्रश्न हमखास येतो: ज्या मुलाने किंवा मुलीने आजवर चेंडू फारसा हाताळलेला नाही, पण संघात यायची मनापासून इच्छा आहे आणि चाचणीच्या नुसत्या विचारानेच पोटात गोळा येतो, त्याने हाती असलेल्या दोन-तीन आठवड्यांत नेमके काय करावे? याचे उत्तर देताना मुलांइतकेच शाळांनाही काही सांगायचे आहे, म्हणून हे पत्र.

आपल्याकडची निवड चाचणी साधारण कशी होते ते आधी लक्षात घ्यावे. मुलांना रांगेत उभे करून ड्रिबल करत, म्हणजे चेंडू एका हाताने जमिनीवर आपटत, मैदानाच्या एका टोकाकडून दुसरीकडे नेले जाते, मग दोन्ही बाजूंनी ले-अप, म्हणजे धावत येऊन दोन पावलांत उडी घेऊन अगदी जवळून बास्केट, मारायला सांगतात, थोडे पासिंग होते आणि उरलेल्या वेळात पाच-पाच जणांचा सामना लावून सर किंवा मॅडम कडेला वही घेऊन उभे राहतात. या सगळ्यात लांबून बास्केट करण्याची वेळ नवख्या मुलावर क्वचितच येते. तरीही चाचणीची बातमी कळताच मुले चेंडू घेऊन धावतात ती थेट रिंगकडे, म्हणजे जाळीच्या कड्याकडे, आणि उरलेले सगळे दिवस लांबून चेंडू फेकण्यात घालवतात. रिंग जमिनीपासून ३.०५ मीटर म्हणजे दहा फूट उंच असते आणि फ्री थ्रोची, म्हणजे फाउलनंतर विनाअडथळा नेम मारण्याची, रेषा रिंगमागच्या बोर्डापासून ४.६ मीटरवर. तेरा-चौदा वर्षांच्या, मनगटात अजून जोर न आलेल्या मुलाला तिथून चेंडू पोहोचवायचा तर तो कमरेपासून दोन्ही हातांनी उचलून भिरकवावा लागतो. ही सवय एकदा अंगी बसली की पुढे मोडता मोडत नाही. तीन आठवड्यांत कोणाचाही नेम तयार होत नाही. पाय मात्र तयार होतात, आणि जाणता निवड करणारा पहिल्यांदा पायच बघतो, असे माझे अनुभवाअंती मत आहे.

पायांचे काम म्हणजे मुख्यतः ले-अप. उजव्या हाताने मारायचा असेल तर चेंडू दोन्ही हातांत घेतल्यावर पहिले पाऊल उजवे, दुसरे डावे आणि डाव्या पायावरूनच उडी, त्याच वेळी उजवा गुडघा वर. डाव्या बाजूने आले की सगळे उलट. वाचायला सोपे वाटणारे हे गणित धावताना हमखास चुकते. मूल बिचकून तिसरे पाऊल टाकते आणि कडेची मुले ‘ट्रॅव्हलिंग’ (चेंडू धरून जादा पावले टाकण्याची चूक) म्हणून ओरडतात. म्हणून पहिले काही दिवस चेंडूला हातच लावू नये. अंगणात किंवा ओट्यावर खडूने दोन पावलांच्या खुणा कराव्यात, तोंडाने ‘उजवा, डावा, उडी’ म्हणत आधी चालत, मग हळू धावत ते पुन्हा पुन्हा करावे. पाय आपोआप पडू लागले की मगच हातात चेंडू घ्यावा. चेंडू रिंगमध्ये टाकण्याचा प्रयत्न न करता बोर्डावर आखलेल्या चौकोनाच्या आपल्या बाजूच्या वरच्या कोपऱ्यावर हलकेच टेकवावा. तिथून तो बहुतेक वेळा स्वतःच आत जातो. चाचणीत चेंडू आत गेला नाही तरी पावले बरोबर पडली, तर वहीत त्या नावापुढे खूण होते.

ड्रिबलसाठी मैदानच हवे असे नाही, कडक जमीन हवी. आपल्या काळ्या मातीच्या मैदानावर चेंडू उसळत नाही, आणि पावसाळ्यात तर तो चिखलात रुतूनच बसतो. म्हणून मंदिरासमोरची फरशी, सोसायटीची वाहने ठेवायची जागा किंवा घरचा सिमेंटचा ओटा बरा. अशा जागेवर रबरी चेंडू टिकतो, कातडी चेंडूची साल निघते, तेव्हा पालकांनी महागडा चेंडू घेण्याच्या फंदात पडू नये. मुलींच्या सामन्यात सहा क्रमांकाचा आणि मोठ्या मुलांच्या सामन्यात सात क्रमांकाचा चेंडू असतो, एवढे मात्र दुकानात सांगून घ्यावे, कारण मुलीने सात क्रमांकावर सराव केला तर हाताचा अंदाज चुकतो. गुडघे वाकवून, तळहात न टेकवता बोटांच्या पेरांनी चेंडू दाबायचा आणि नजर वर ठेवायची. नजर खाली जाते का हे तपासायला घरातल्या कोणालाही समोर उभे करावे. त्यांनी बोटे दाखवायची, मुलाने ड्रिबल न थांबवता किती ते सांगायचे. ज्या हाताने जेवतो त्या हाताने सगळ्यांनाच जमते, म्हणून सरावाचा अर्ध्याहून अधिक वेळ दुसऱ्या हाताला द्यावा. चाचणीत डाव्या हाताने चार पावले नीट ड्रिबल करणारे नवखे मूल लगेच नजरेत भरते.

पास घेणे हा नवख्यांचा खरा कच्चा दुवा आहे आणि त्याकडे कोणी लक्ष देत नाही. एका मुलीचे उदाहरण देते. घरी शेती, सकाळी कपाशीत खुरपून मग शाळेत येणारी, धावायला वाऱ्यासारखी, पण चेंडू छातीच्या दिशेने आला की डोळे मिटायची आणि बोटे सरळ ताठ करून पुढे धरायची. चेंडू बोटांच्या टोकांवर आदळायचा आणि ती हात झटकत बाजूला व्हायची. तिला भिंतीपासून दोन पावलांवर उभे केले. बोटे पसरून, अंगठे एकमेकांजवळ आणून तळवे चेंडूकडे करायचे आणि चेंडू हाताला लागताच कोपर वाकवून तो छातीकडे आणायचा, एवढेच सांगितले. दुखणार नाही हे एकदा हाताला पटल्यावर डोळे उघडे राहू लागले, मग ती भिंतीपासून मागे मागे सरकत गेली. बहुतेक मुलांची चाचणीची भीती अशीच असते. आपण वाईट खेळू याची भीती कमी, चेंडू लागेल आणि सगळे हसतील याची अधिक.

येथे खेळाचा थोडा इतिहास सांगणे अप्रस्तुत होणार नाही. जेम्स नेस्मिथ यांनी डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे पीचच्या टोपल्या टांगून हा खेळ सुरू केला तेव्हा त्यांच्या तेरा नियमांत ड्रिबल नव्हतेच. चेंडू घेऊन पळता येत नसे, जिथे झेलला तिथूनच तो दुसऱ्याकडे टाकावा लागे. म्हणजे झेलणे, थांबणे आणि देणे हा या खेळाचा पाया आहे. चेंडू घेऊन एकटे सुसाट निघणे नंतर आले. चाचणीच्या सामन्यात जे मूल चेंडू घेऊन थांबते, मान वर करते आणि मोकळ्या साथीदाराला पास देते, ते एकट्याने तिघांत घुसणाऱ्यापेक्षा प्रशिक्षकाच्या अधिक उपयोगाचे असते.

आणि बचाव. यात कसब कमी आणि इच्छा जास्त लागते, म्हणून नवख्या मुलाला सगळ्यात मोठी संधी इथेच आहे. समोरच्याच्या चेंडूकडे किंवा डोळ्यांकडे न पाहता कमरेकडे पाहावे, कारण चेहरा फसवतो, कंबर फसवत नाही. त्याच्यापासून हातभर अंतर ठेवावे, गुडघे वाकवावेत आणि बाजूला सरकताना एका पायावरून दुसरा पाय ओलांडू नये. चेंडूवर झडप घालण्याचा मोह टाळावा. त्यातून फाउल होतात, आणि सामन्यात पाच वैयक्तिक फाउल झाले की खेळाडू बाहेर बसतो. बास्केट झाले की आनंदात उभे न राहता सगळ्यांत आधी परत धावणारे मूल माझ्या वहीत नेहमी वरच्या ओळीत असे.

शरीराच्या तयारीबद्दल फार लिहीत नाही. दोरीवरच्या उड्या, वीस-पंचवीस पावलांवर दोन खुणा करून वेगाने ये-जा, आणि रोज शेवटी पोटऱ्या व मांड्यांचे ताण, एवढे पुरेसे आहे. पाऊस लांबला तर जून-जुलैतही आपल्या भागात दुपारचे ऊन अंग भाजून काढते, तेव्हा सराव सकाळी लवकर किंवा दिवेलागणीला करावा आणि पाण्यात मीठ-साखर घालून जवळ ठेवावी. पाऊस पडून गेल्यावर सिमेंटच्या कोर्टावर शेवाळ धरते, तेथे उतावीळपणे धावून घोटा मुरगळल्याची उदाहरणे दर वर्षी होतात. घोटा मुरगळला तर त्याच दिवशी तेल लावून मालीश करण्याची आपल्या घरोघरची पद्धत सोडावी. आधी बर्फ, पट्टी, पाय उंच ठेवणे आणि विश्रांती. सूज उतरली नाही किंवा पाय टेकवताच येत नसेल तर डॉक्टरांकडे जावे. गुडघ्याच्या वाटीखाली सतत दुखत असेल तर वाढीच्या वयात ते अति उड्यांमुळेही असू शकते, ते दडवून चाचणी देऊ नये.

प्रत्यक्ष चाचणीच्या दिवसाबद्दल काही व्यावहारिक गोष्टी. आदल्या रात्री झणझणीत शेवभाजीवर ताव मारू नये आणि सकाळी उपाशीपोटीही जाऊ नये; तासभर आधी एखादे केळे खावे, त्यासाठी खानदेशातल्या मुलाला लांब जावे लागत नाही. नवे बूट त्या दिवशी पहिल्यांदा घालू नयेत. नखे कापलेली असावीत, चष्मा असेल तर मागून पट्टा बांधावा, वयाच्या पुराव्याचे कागद दप्तरात असावेत. मुलींनी पाळीचे दिवस आले तर संकोच न करता मॅडमना सांगावे, आणि शाळेने त्याची सोय ठेवावी. केवळ या कारणाने चाचणीला न आलेल्या मुली मला ठाऊक आहेत. रांगेत पहिले उभे राहू नये, शेवटीही राहू नये. दुसऱ्या-तिसऱ्या जागी राहिले की पुढच्याचे पाहून सूचना नीट कळते आणि वाट पाहत भीती वाढवायलाही वेळ उरत नाही. छाती धडधडू लागली तर श्वास घेण्यापेक्षा सोडण्याकडे लक्ष द्यावे, तो सावकाश आणि लांब सोडावा. चूक झाली की डोक्याला हात लावणे, जीभ चावणे, सरांकडे केविलवाणे बघणे हे सगळे टाळून चेंडूमागे धावावे. आणि बोलावे. पास हवा असेल तर ‘माले दे’ म्हणून अहिराणीत ओरडले तरी चालते. मैदानावर गप्प राहणारे मूल निवड करणाऱ्याला दिसतच नाही.

पालकांचा एक आक्षेप मला अनेकदा ऐकावा लागतो: ‘मॅडम, आमच्या पोराची उंचीच कमी, त्याचे काय होणार?’ उंचीचा फायदा आहे हे नाकारण्यात अर्थ नाही. पण अवघ्या पाच फूट तीन इंच उंचीचा मग्सी बोग्स १९८७ पासून चौदा हंगाम एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक स्पर्धेत खेळला, तो ड्रिबल, पास आणि बचाव यांच्या जोरावर. आपल्या शाळेच्या संघाला तर तेवढ्या कसाचीही गरज नसते. शिवाय बाराव्या-तेराव्या वर्षीच्या उंचीवरून सतराव्या वर्षीचा अंदाज बांधून मुलाला मैदानावरून परत पाठवणे शहाणपणाचे नाही.

आता शाळांविषयी. अनेक ठिकाणी आदल्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी ‘उद्या सकाळी ट्रायल’ असे जाहीर होते. अशा चाचणीत गेल्या वर्षीचेच खेळाडू पुन्हा निवडले जातात, आणि ज्याच्या मोठ्या भावाने घरी शिकवले तो आत येतो. तालुका व जिल्हा पातळीच्या स्पर्धा साधारण कोणत्या महिन्यांत असतात हे प्रत्येक क्रीडाशिक्षकाला माहीत असते. मग चाचणीची तारीख तीन आठवडे आधी सूचना फलकावर लावणे आणि काय पाहिले जाणार हे चार ओळींत लिहिणे अवघड नाही. दोन चाचण्या घेता आल्या तर फारच उत्तम, कारण पहिलीत घाबरलेले मूल दुसरीत कसे आहे हे कळते आणि मधल्या दिवसांत ते किती शिकले हेही. लवकर शिकणारे मूल वर्षभर उपयोगी पडते.

निवड न झालेल्या मुलांना धीर देताना आपण प्रख्यात अमेरिकन बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डनला शाळेने संघातून काढले होते अशी गोष्ट सांगतो, ती थोडी वाकडी आहे. १९७८ मध्ये विल्मिंग्टनच्या लेनी हायस्कूलमध्ये त्याची वरिष्ठ संघात निवड झाली नाही, हे खरे. पण त्याला घरी पाठवले नव्हते, कनिष्ठ संघात घेतले होते आणि तो तेथे वर्षभर सामने खेळला. आपण गोष्ट सांगतो आणि कनिष्ठ संघ मात्र ठेवत नाही. संघातील बारा जागा भरल्या की उरलेल्या मुलांना ‘पुढच्या वर्षी या’ असे सांगितले जाते, आणि पुढच्या वर्षापर्यंत त्यांच्या हाती चेंडू लागतच नाही. शाळा सुटल्यावर आठवड्यातून दोन दिवस अर्धे मैदान या मुलांना द्यावे, त्यांचा एक ‘ब’ संघ करून शेजारच्या शाळेच्या तशाच संघाशी सामने लावावेत. यासाठी अनुदान लागत नाही; दोन जुने चेंडू आणि एक शिट्टी पुरते. भुसावळ, जळगाव, धुळे येथे पूर्वी जिल्हा व विभागापर्यंत खेळलेले आणि आता नोकरी-व्यवसायात असलेले अनेक जण आहेत, त्यांना रविवारी सकाळी बोलावले तर ते आनंदाने येतील.

आपल्या वृत्तपत्रास एक विनंती आहे. स्पर्धा संपल्यावर विजेत्या संघांची छायाचित्रे आपण आवर्जून छापता. त्याबरोबरच तिन्ही जिल्ह्यांतील क्रीडा कार्यालयांनी जाहीर केलेले बास्केटबॉल स्पर्धांचे वेळापत्रक आणि ज्या शाळा आपल्या चाचणीची तारीख कळवतील त्यांची यादी जुलै महिन्यात स्थानिक पानावर एखाद्या चौकटीत द्यावी. ती चौकट वाचून एखाद्या गावच्या मुलीने खडूने ओट्यावर दोन पावले आखायला घेतली, तर तिच्या हाती निदान तीन आठवडे असतील.

आपली नम्र,
एक निवृत्त क्रीडाशिक्षिका,
अमळनेर (जि. जळगाव)