वळिवड्याच्या छावणीत जे राहिले, त्यांचीही नोंद व्हावी

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

पोलंडची राजधानी वॉर्सा येथे कोल्हापूरच्या नावाचे एक स्मारक आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तेथे जाऊन अभिवादन केले, तेव्हा करवीर तालुक्यातील वळिवडे हे आमच्या शेजारचे गाव काही दिवस सर्वांच्या तोंडी होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात येथे पोलिश निर्वासितांची मोठी छावणी होती, हे अनेक तरुणांना त्या निमित्ताने प्रथमच कळले, याचा मला मनापासून आनंद झाला. मात्र त्याच छावणीच्या इतिहासाचे दुसरे प्रकरण आपण अजून नीट लिहिलेले नाही, आणि ते लिहिण्यासाठी आता फार थोडा अवधी उरला आहे, हे आपल्या दैनिकाच्या वाचकांपुढे मांडावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

पहिले प्रकरण थोडक्यात असे. १९४० पासून सोव्हिएत राजवटीने पूर्व पोलंडमधील लाखो लोकांना घरांतून उचलून सैबेरिया आणि कझाकस्तानात नेले. १९४१ मध्ये त्यांची सुटका झाली, आणि भूक व साथीचे रोग यांतून वाचलेले काही लोक इराणमार्गे भारतात पोहोचले. नवानगरच्या जामसाहेबांनी बालाचडी येथे पोलिश मुलांना आश्रय दिला, तर कोल्हापूर संस्थानच्या हद्दीत, पंचगंगेकाठच्या वळिवडे येथे, १९४३ पासून १९४८ पर्यंत सुमारे पाच हजार पोलिश लोक राहिले. त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुले होती. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होते, दवाखाना होता. युद्ध संपल्यावर ते जगभर विखुरले. पण या मातीला विसरले नाहीत. म्हातारपणी काठी टेकत ते वळिवडे पाहायला आले, आणि त्यांची स्मृती जपणारा स्तंभ येथे उभा राहिला. हे सारे यथायोग्य झाले, त्यात उणे काहीच नाही.

परंतु पोलिश कुटुंबे गेल्यावर त्या बराकी ओस पडल्या नाहीत. जे घर सोडून आले होते आणि ज्यांना परत जायला घरच उरले नव्हते, अशी माणसे तेथे आली. सिंधमधून आलेल्या या कुटुंबांच्या वसाहतीलाच आज आपण गांधीनगर म्हणतो. दक्षिण महाराष्ट्रात, कोकणात आणि निपाणी-बेळगावकडील भागात कापडाच्या घाऊक बाजाराचे गाव म्हणून ते सर्वांना ठाऊक आहे. तेथे रोज हजारो माणसे खरेदीला येतात, पण आपण एका निर्वासित छावणीत उभे आहोत, याची कल्पना त्यांतील फार थोड्यांना असते.

सिंध ही आपल्यासाठी कोणती परकी भूमी नव्हती. १९३६ पर्यंत तो प्रांत मुंबई इलाख्याचाच भाग होता. कराचीत मराठी माणसांची वस्ती होती, आणि तेथील एका जुन्या, नामांकित शाळेला आजही नारायण जगन्नाथ वैद्य या शिक्षणखात्यातील अधिकाऱ्याचे नाव आहे. फाळणीनंतरच्या पहिल्या महिन्यांत पंजाबच्या मानाने सिंध शांत होता, त्यामुळे तेथील अनेक हिंदू कुटुंबे घर न सोडण्याच्या विचारात होती. ६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत दंगल उसळली आणि त्यानंतर लोकांचा धीर सुटला. कोणी कराचीहून बोटीने मुंबईला आले, तर कोणी राजस्थानच्या वाळवंटातून रेल्वेने. पंजाब आणि बंगालचे दोन तुकडे झाले, पण प्रत्येकाचा एक तुकडा भारतात राहिला. सिंध मात्र सगळाच पलीकडे गेला. त्यामुळे सिंधी माणसाला भारतात स्वतःचे असे राज्य उरले नाही, आणि ज्या गावाने जागा दिली तेच गाव आपले म्हणण्यावाचून त्याला पर्याय नव्हता.

मी या परिसरातील एका माध्यमिक शाळेत इतिहास आणि भूगोल हे विषय बरीच वर्षे शिकवले. १९९३ च्या सुमारास आठवीच्या वर्गात मी मुलांना एक साधा गृहपाठ दिला होता : आपल्या आजीचे माहेर कोणत्या गावचे, हे विचारून यायचे आणि ते गाव नकाशावर दाखवायचे. दुसऱ्या दिवशी मुले एकेक करून फळ्याजवळ येऊ लागली. कोणी कागल दाखवले, कोणी शिरोळ, तर कोणी चिकोडी. मग एक सिंधी मुलगी आली. तिने "सक्कर" असे नाव सांगितले आणि नकाशावर बोट फिरवत ती पश्चिमेकडे सरकत गेली. आमच्या वर्गातील तो नकाशा भारताच्या सीमेपाशी संपत होता आणि त्यापलीकडे नुसता पिवळसर कोरा कागद होता. त्या कोऱ्या जागेवर तिचे बोट थांबले आणि तिने वळून माझ्याकडे पाहिले. तिला काय उत्तर द्यावे, हे मला तेव्हा सुचले नाही.

त्या आठवड्यात मी तिच्या आजीला शाळेत बोलावले. अंगावर पांढरी ओढणी घेतलेल्या, सावकाश पण स्वच्छ मराठी बोलणाऱ्या त्या बाई वर्गासमोर खुर्चीवर बसल्या आणि तासभर बोलत राहिल्या. दोन महिन्यांत परत येऊ अशा समजुतीने त्यांच्या आईने घरातली धान्याची कोठी भरलेली तशीच ठेवली होती आणि शेजारणीला कबुतरांना दाणे टाकायला सांगितले होते. वळिवड्याला आल्यावर एका बराकीत अनेक कुटुंबे, मध्ये गोणपाटाचे पडदे. रात्री कोणाचे मूल रडले तर सगळ्यांनाच जाग यायची. मराठीचा एक शब्दही येत नव्हता. पहाटे गावातली एक गवळण दूध घेऊन यायची, तिच्याकडून त्या पहिले तीन मराठी शब्द शिकल्या : "दूध", "पुरे" आणि "उद्या". "उद्या" हा शब्द का, असे एका मुलाने विचारले. त्या म्हणाल्या, "पैसे नसायचे रे बाळा. ती म्हणायची, असू दे, उद्या दे." ती गवळण कित्येक महिने असे दूध घालत होती, आणि तिचे नाव त्यांना त्या वयातही पक्के आठवत होते.

मी तो तास लिहून ठेवला नाही, याची खंत मला आजही आहे. ती आजी आता नाही.

त्या बाईंच्या पिढीने पुढे काय केले, हे आमच्या गावांनी डोळ्यांनी पाहिले आहे. सरकारी शिधा फार काळ पुरणारा नव्हता आणि मदतीवर जगण्याची त्यांची तयारीही नव्हती. शरणार्थी म्हटलेले त्यांना आवडत नसे, "आम्ही पुरुषार्थी" असे ते म्हणत. बायका बराकीच्या अंगणात मिरीचे पापड लाटून वाळवत. पुरुष खांद्यावर कापडाचे गाठोडे घेऊन, पुढे सायकलवर बांधून, खेडोपाडी आणि आठवडी बाजारांत फिरत. गजामागे अगदी थोडा नफा घ्यायचा, माल लवकर विकायचा आणि त्याच पैशात पुन्हा माल आणायचा, ही त्यांची रीत होती. त्यामुळे ज्या घरांत वर्षाला एकच लुगडे येत असे, त्या घरांत दुसरे येऊ लागले. व्यापार वाढला तसे हमाल, टेंपोवाले, शिंपी, दुकानांतील नोकर अशी कामे उचगाव, वळिवडे, चिंचवाड, गडमुडशिंगी या गावांतील तरुणांना मिळत गेली. आमच्या भागातील कितीतरी घरांच्या चुली शेतीइतक्याच त्या बाजारावरही पेटल्या आहेत, आणि हे मी नोकरीच्या काळात पालकसभांमधून प्रत्यक्ष ऐकले आहे.

आमच्याकडे लग्न ठरले की गांधीनगरला बस्ता बांधायला जायचे, ही आता रीतच झाली आहे. माझ्या धाकट्या नणंदेच्या लग्नाच्या वेळी माझ्या सासूबाईंबरोबर मी गेले होते. गादीवर बसून दुपारपर्यंत साड्या पाहून झाल्या, आहेराची लुगडी, टोप्या, टॉवेल असा सगळा ढीग बाजूला पडला आणि हिशेब झाला तेव्हा पैसे बरेच कमी पडले. सासूबाई गप्प झाल्या आणि ढिगातली चार लुगडी परत ठेवू लागल्या. शेठजींनी ती पुन्हा गठ्ठ्यात सारली आणि आमच्यासारख्याच कोल्हापुरी बोलीत म्हणाले, "काकू, आधी पोरीचं लगीन होऊ द्या. उसाचं बिल आलं की बघू." ना चिठ्ठी, ना सही. पुढच्या हंगामात बिल निघाल्यावर सासरे जाऊन पैसे देऊन आले. वर्गातल्या त्या आजींच्या गवळणीची गोष्ट मी पुढे कित्येक वर्षांनी ऐकली, तेव्हा मला हा प्रसंग आठवला.

जे गांधीनगरात झाले, ते मोठ्या प्रमाणावर महाराष्ट्रात इतरत्रही झाले. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत हजारो सिंधी कुटुंबे आली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते तेथे नगराची पायाभरणी झाली आणि त्याला उल्हास नदीवरून उल्हासनगर हे नाव मिळाले. कराचीहून आलेल्या प्राध्यापकांनी १९४८ मध्ये मुंबईत जयहिंद महाविद्यालय सुरू केले. ज्यांच्या डोक्यावर अजून धड छप्पर नव्हते अशा माणसांनी पहिल्या वर्षी महाविद्यालय काढावे, हे मला शिक्षिका म्हणून फार मोठे वाटते. मुंबईचे जसलोक रुग्णालय सिंधी दात्यांच्या देणगीतून उभे राहिले, आणि पुण्यात साधू वासवानी यांच्या संस्थेने शाळा चालवल्या. या संस्थांत शिकलेली, उपचार घेतलेली माणसे बहुसंख्येने सिंधी नाहीत, ती आपण सर्व आहोत.

आपण मात्र या समाजाशी नेहमी नीट वागलो, असे म्हणता येणार नाही. सिंधी म्हणजे लबाड, सिंधी म्हणजे नकली माल, अशा म्हणी आणि विनोद मी लहानपणापासून ऐकले आहेत आणि वर्गात मुलांच्या तोंडूनही ऐकले आहेत. असे काही बोलले गेले की बाकावरचे सिंधी मूल मान खाली घालून वहीत रेघा ओढत बसे, हे दृश्य मी विसरू शकत नाही. एखाद्या व्यापाऱ्याने खोटे केले तर तो व्यापारी खोटा. त्याचे खापर घर गमावून आलेल्या सगळ्या समाजावर फोडणे हा अन्याय आहे. गांधीनगरातील अरुंद रस्ते, वाहतूक आणि बांधकामे यांबद्दल तक्रारी आहेत आणि त्यांतील काही रास्तही आहेत. पण त्या कोणत्याही वाढत्या बाजारपेठेच्या तक्रारी आहेत, एका समाजाच्या स्वभावाच्या नव्हेत.

गुढीपाडव्याच्या सुमारासच सिंधी नववर्ष येते, त्याला चेटीचंड म्हणतात. जलदैवत झुलेलालांचा बहराणा, म्हणजे पूजेचे ताट, सजवून, ज्योत लावून, वाजतगाजत पाण्याकडे नेतात. सिंधू नदीची पूजा करणारी माणसे आमच्या पंचगंगेच्या खोऱ्यात राहून जलदेवतेचा तो उत्सव करतात, आणि मिरवणुकीच्या वाटेवर पाडव्याच्या गुढ्या उभ्या असतात. हे दृश्य ज्यांनी पाहिले नसेल त्यांनी एकदा जरूर पाहावे. त्या दिवशी मिळणारा ताहिरी हा केशरी गोड भात आता माझ्याही नातवंडांच्या आवडीचा आहे.

आता माझी मुख्य विनंती. जी मुले १९४८ मध्ये दहा वर्षांची होती, ती आज नव्वदीकडे झुकली आहेत. सिंध, तो प्रवास आणि वळिवड्याच्या बराकी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली ही शेवटची माणसे आहेत. त्यांच्या घरांत जुनी पत्रे, वह्या, हिशेबाची बाडे असतील. पण ती बावन्न अक्षरांच्या अरबी वळणाच्या सिंधी लिपीत आहेत आणि मराठी-इंग्रजी शाळांत शिकलेल्या नातवंडांना ती वाचता येत नाहीत. १९६७ मध्ये सिंधीचा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत समावेश झाला, तरी घरातल्या ट्रंकेतले कागद त्यामुळे वाचता येत नाहीत. घर रंगवायला काढले की असे कागद रद्दीत जातात. पोलिश लोकांनी आपल्या वळिवड्याच्या आठवणी लिहिल्या, छायाचित्रे जपली, आणि म्हणूनच आज त्यांचा इतिहास आपल्याला ठाऊक आहे. आपल्याच शेजाऱ्यांचा इतिहास मात्र एकेका अंत्ययात्रेबरोबर जात आहे.

म्हणून शिवाजी विद्यापीठाच्या इतिहास विभागाने गांधीनगर आणि वळिवडे येथील वृद्धांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करण्याचे काम याच शैक्षणिक वर्षात हाती घ्यावे, आणि सिंधी लिपी जाणणाऱ्यांची मदत घेऊन घरोघरच्या कागदपत्रांच्या प्रती काढून ठेवाव्यात. मुलाखती केवळ सिंधी कुटुंबांच्या नकोत. त्यांना दूध घालणाऱ्या, भाजी विकणाऱ्या, त्यांच्या दुकानांत राबलेल्या आमच्या गावच्या माणसांच्याही हव्यात. वळिवडे आणि गांधीनगरच्या ग्रामपंचायतींनी पोलिश स्मृतिस्तंभाजवळच एक फलक लावावा, ज्यावर १९४८ नंतर येथे कोण आले आणि त्यांनी काय उभे केले, हे मराठी आणि सिंधी या दोन्ही भाषांत लिहिलेले असेल. या भागातील शाळांनी आपल्या सहलींत वळिवडे घ्यावे, आणि मुलांना दोन्ही प्रकरणे सांगावीत.

माझ्या माहितीतील सात-आठ वृद्ध व्यक्ती बोलायला तयार आहेत. विद्यापीठाने विद्यार्थी पाठवल्यास त्यांना घरोघरी घेऊन जाण्याचे काम मी आनंदाने करीन. ऊन वाढले की या वयाच्या माणसांना फार वेळ बसवत नाही, त्यामुळे सकाळी नऊच्या आत यावे, एवढेच सांगणे आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका
उचगाव, ता. करवीर, जि. कोल्हापूर