रॉ व्ह्यूअर म्हणून विकता, तर रॉ दाखवा

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : रॉ व्ह्यूअर म्हणून विकलेलं सॉफ्टवेअर शंभर टक्के झूमवर रॉ फाइल दाखवत नसल्याबाबत व परवान्याची रक्कम परत मिळण्याबाबत

महोदय / महोदया,

मी कोल्हापुरात लग्नाच्या फोटोग्राफीच्या ऑर्डरी करतो. यंदाचा सीझन सुरू होण्याआधी तुमच्या सॉफ्टवेअरचा वार्षिक परवाना पूर्ण पैसे भरून घेतला. रॉ फाइल (सेन्सरने नोंदलेला कच्चा, प्रक्रिया न केलेला फोटो) क्षणात उघडते आणि शंभर टक्क्यांवर, म्हणजे फोटोचा एक पिक्सेल स्क्रीनच्या एका पिक्सेलवर ठेवून, फोकस तपासता येतो, अशी तुमची जाहिरात आहे. मी पैसे भरले ते त्यातला दुसरा भाग वाचून.

आमच्या धंद्यात वेग चैनीसाठी लागत नाही. एका लग्नात दोन-तीन कॅमेऱ्यांवर मिळून हजारो फ्रेम होतात. रात्री हॉलवरून आलं की कार्ड कॉपी करायची, बॅकअप घ्यायचा आणि सिलेक्शनला बसायचं, कारण पार्टीला, म्हणजे लग्नघरच्या गिऱ्हाइकाला, सकाळी निवडक फोटो व्हॉट्सॲपवर हवे असतात. फाइलमागे दोन-तीन सेकंद गेले तरी पहाट होते. लाइटरूम या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळं इम्पोर्ट करून मोठे प्रीव्ह्यू तयार होईपर्यंत थांबणं परवडत नाही, म्हणून आम्ही वेगळ्या व्ह्यूअरवर पैसे खर्च करतो.

आता मूळ तक्रार. अंतरपाट बाजूला होतो आणि नवरी पहिल्यांदा नजर वर उचलते, त्या क्षणाचा माझ्याकडे एक पूर्ण बर्स्ट (पाठोपाठ टिपलेल्या फ्रेम) होता. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये शंभर टक्क्यांवर त्यातली प्रत्येक फ्रेम सॉफ्ट दिसली. पापण्यांच्या जागी नुसता काळपट पट्टा. साहजिकच तो सगळा बर्स्ट बाद झाला आणि त्या क्षणाचा म्हणून दुसऱ्या कॅमेऱ्याने लांबून टिपलेला फोटो पार्टीला गेला. पुढे अल्बमच्या वेळी त्याच फाइली डेव्हलप करायला उघडल्या, तर पापणीचा केस न् केस वेगळा दिसत होता, मुंडावळ्यांतले मोती सुटे दिसत होते. फोकस अगदी जागेवर होता.

कारण मी स्वतः शोधलं. जवळपास प्रत्येक रॉ फाइलमध्ये कॅमेऱ्याने बनवलेला एक जेपेग प्रीव्ह्यू असतो. माझा कॅमेरा सोनीचा, २४ मेगापिक्सेलचा. त्याच्या एआरडब्ल्यू (सोनीची रॉ) फाइलमध्ये हा प्रीव्ह्यू अवघा १६१६ बाय १०८० पिक्सेलचा असतो, मूळ फोटो मात्र ६००० बाय ४०००. फोटो फाइलच्या आतलं वाचणाऱ्या एक्झिफटूलने तो प्रीव्ह्यू बाहेर काढला, तुमच्या स्क्रीनशेजारी ठेवला आणि दोन्ही तंतोतंत जुळले. म्हणजे तुमचं सॉफ्टवेअर छोटा जेपेग जवळजवळ पावणेचार पट ताणतं आणि खाली '१००%' असा आकडा लिहितं. कॅनन, निकॉनच्या बऱ्याच फाइलींत आतला जेपेग पूर्ण आकाराचा असतो, त्यामुळे ते कॅमेरे वापरणाऱ्यांना हा प्रकार जाणवलाही नसेल.

हे मी आधी कळवलं तेव्हा तुमच्या सपोर्टकडून उत्तर आलं की वेगवान एसएसडी बसवा, ग्राफिक्स कार्ड बदला. माझ्या मशीनमध्ये आधीच वेगवान एनव्हीएमई एसएसडी आहे. आणि सॉफ्टवेअर संथ चालतं असं मी कुठेच म्हटलं नव्हतं. माझं ते पत्र कुणी वाचलंच नाही, याचं मला जास्त वाईट वाटलं.

आतला जेपेग दाखवणं हा गुन्हा नाही, हे मीही मान्य करतो. बायर फिल्टरमुळे (सेन्सरवरच्या रंगीत जाळीमुळे) सेन्सरच्या एका पिक्सेलवर लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एकच रंग नोंदला जातो. उरलेले दोन आजूबाजूच्या पिक्सेलवरून काढावे लागतात आणि त्या हिशेबाला वेळ लागतो. कॅमेरा बिट्स कंपनीचं फोटो मेकॅनिक हे सॉफ्टवेअर मुख्यतः आतल्या जेपेगवरच वेगवान आहे, हे वृत्तपत्रांच्या फोटोग्राफरांना ठाऊक असतं आणि ते समजूनच वापरतात. लिबरॉवाल्यांचं फास्टरॉव्ह्यूअर खरी रॉ उघडतं, हिस्टोग्रामही (उजेड-अंधाराचा आलेख) रॉचाच देतं. दोघांकडे गिऱ्हाइकाला आपण काय बघतोय ते कळतं. तुमच्याकडे ना तशी खूण, ना बदलायचं बटण.

हिस्टोग्रामचंही तेच. हळदीच्या फोटोंत तुमची ओव्हरएक्स्पोजरची (जास्त उजेडाने तपशील उडाल्याची) सूचना सगळीकडे लाल पेटते, कारण ती जेपेगवरून काढलेली असते. व्हाइट बॅलन्स आणि कॉन्ट्रास्ट लावल्यावर पिवळ्या रंगातला लाल चॅनेल जेपेगमध्ये आधी कापला जातो, रॉमध्ये तोच तपशील बऱ्याचदा शाबूत असतो. हळदीने माखलेला गाल जळाला म्हणून टाकायचा की ठेवायचा, हे ठरवायलाच आम्ही रॉमध्ये शूट करतो. तिथेच चुकीचं उत्तर मिळालं तर हे सॉफ्टवेअर घेऊन उपयोग काय?

शिवाय निवडताना फोटोंना दिलेले स्टार एक्सएमपी फाइलमध्ये (फोटोसोबतची नोंदीची फाइल, जी लाइटरूमही वाचतं) न जाता तुमच्याच डेटाबेसमध्ये अडकतात आणि लाइटरूममध्ये सिलेक्शन पुन्हा करावं लागतं. तेही दुरुस्त करा.

माझी मागणी स्पष्ट आहे. स्क्रीनवर दिसतं ते आतला जेपेग आहे की डीकोड केलेली रॉ, हे ठळक दाखवा आणि झूम केल्यावर खरी रॉ उघडण्याची सोय द्या. ती येईपर्यंत जाहिरातीतलं फोकस तपासण्याचं वाक्य काढा, आणि माझ्या परवान्याची पूर्ण रक्कम परत करा. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची तरतूद ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये आहे. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि गरज पडल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

उत्तर तयार मजकूर चिकटवून नको. ज्याने एकदा तरी एआरडब्ल्यू फाइल उघडून पाहिली आहे, अशा माणसाने ते लिहावं.

आपला,
एक परवानाधारक ग्राहक, कोल्हापूर

सोबत : खरेदीची पावती, सपोर्टशी झालेला पत्रव्यवहार, अंतरपाटाच्या फ्रेमचे दोन्ही स्क्रीनशॉट (नवरीच्या घरच्यांच्या परवानगीने), मूळ एआरडब्ल्यू फाइल