ऑपेरा हाऊसचे दरवाजे सकाळीही उघडावेत

महोदय,

गिरगावच्या रॉयल ऑपेरा हाऊसने मुंबईचे बदलते शौक पाहिले. १९११ मध्ये पाश्चात्त्य संगीतिकांसाठी उद्घाटन झालेल्या या रंगमंचावर पुढे बालगंधर्व, मास्टर दीनानाथ गायले. पृथ्वीराज कपूर यांची नाटके झाली, ते चित्रपटगृहही झाले आणि १९९३ मध्ये बंदच पडले. २०१६ मध्ये ते पुन्हा उघडले, ते गोंडलच्या राजघराण्याने जिद्दीने केलेल्या जीर्णोद्धारामुळे. घुमटाची रंगसंगती, सोनेरी नक्षीचे सज्जे, झुंबरे पाहून मन भरून येते.

आता तिथे मैफली होतात, तसे खासगी समारंभही होतात. त्याला माझी हरकत नाही. एवढी जुनी वास्तू सांभाळायची तर पैसा लागतोच. पण जेमतेम पावणेसहाशे आसनांचे हे सभागृह आवाजासाठी बांधले आहे. तिथे तंबोरा जुळतो तो ऐकण्यासारखा असतो.

म्हणून व्यवस्थापनाला विनंती : महिन्यातून एका रविवारी सकाळी परवडणाऱ्या तिकिटात शास्त्रीय गायन किंवा नाट्यसंगीत ठेवावे, आणि संगीत शिकणाऱ्या मुलांसाठी वरच्या सज्जातल्या काही जागा राखाव्यात. राज्याच्या सांस्कृतिक कार्य विभागाने त्यासाठी अनुदान द्यावे.

– एक वाचक, गिरगाव