ड्रोन उडवणं वेगळं, ड्रोनला उडता येणं वेगळं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात द्राक्षबागेत ड्रोनने फवारणी चाललेला फोटो आला होता, खाली ओळ होती 'आता शेतात रोबो'. नीट बघा, त्याच फोटोत बांधावर एक पोरगा रिमोट घेऊन उभा आहे. मग रोबो कोण, तो पोरगा का? काही ड्रोन जीपीएसवर आखून दिलेल्या रेषेत आपले आपण जातात हे मान्य, पण तेवढ्याने त्याला आजूबाजूचं कळतं असं होत नाही.

हे एवढं मनाला लागायचं कारण म्हणजे मी मेकॅनिकलचा, आणि कॉलेजला असताना आमच्याकडे दोन दिवसांचं ड्रोन वर्कशॉप झालं होतं. फी घेतली, किट एकच, पोरं चाळीस. पहिला दिवस स्क्रू आवळण्यात गेला, दुसऱ्या दिवशी बाहेरून आलेल्या सरांनी ग्राउंडवर उडवून दाखवला, तो अशोकाच्या झाडात अडकला, तो काढेपर्यंत जेवायची वेळ झाली आणि मग सर्टिफिकेट वाटप, फोटो, संपलं. चार पंख्यांवर ती वस्तू हवेत एका जागी थांबते कशी, हे कुणी सांगितलं नाही आणि खरं सांगायचं तर आम्हीपण विचारलं नाही.

ते मला कळलं नंतर, घरी मोबाईलवर, उडणाऱ्या रोबोंवर काम करणाऱ्या विजय कुमार सरांच्या व्हिडिओंतून. आयआयटी कानपूरचे, १९८३ चे बी.टेक., १९८७ पासून फिलाडेल्फियाला पेनसिल्व्हेनिया युनिव्हर्सिटीत शिकवतात, २०१५ ला तिथल्या इंजिनिअरिंगचे डीन झाले. २०१२ च्या त्यांच्या टेड टॉकमध्ये, म्हणजे नेटवर बघता येतं त्या छोट्या भाषणात, तळहाताएवढे रोबो थव्याने उडतात, खिडकीएवढ्या जागेतून आरपार जातात, शेवटी तर वाद्यं वाजवतात. पण माझं डोकं फिरलं ते दुसऱ्याच गोष्टीने. ते म्हणतात रोबोवरचा प्रोसेसर सेकंदाला ६०० वेळा हिशोब करून चारही मोटरना हुकूम देतो. सहाशे! रिमोटवरचा अंगठा कुठं पुरणार तिथं.

आता त्यांचा एरियल रोबोटिक्सचा, म्हणजे उडणाऱ्या रोबोंचा, ऑनलाइन कोर्स आहे, मी केला तेव्हा फुकट बघता येत होता. गणित पुष्कळ आहे, घाबरायला होतं, पण पहिला असाइनमेंट साधा, रोबोने फक्त वर जाऊन ठरलेल्या उंचीवर थांबायचं. मी उंची किती कमी पडते तेवढंच बघून जोर लावला, तर स्क्रीनवर तो वर जातोय, पुढे निघून जातोय, परत खाली, परत वर, थांबायचं नावच नाही. मग लक्षात आलं की हे तर ट्रॉली रिव्हर्स घेण्यासारखं आहे. नवखा माणूस ट्रॉली किती वाकडी झाली तेवढं बघून स्टिअरिंग फिरवतो आणि ती अजूनच वाकडी होते, जुना ड्रायव्हर ती किती जोरात वळतीय तेपण बघतो आणि आधीच स्टिअरिंग सोडायला लागतो. तो वेगाचा हिशोब घातला आणि रोबो गपकन थांबला. रात्रीचे दीड वाजले होते, मी आईला उठवून दाखवलं, तिला काही कळलं नाही ते सोडा.

या सगळ्याला लागला एक जुना लॅपटॉप. किट नाही, अशोकाचं झाड नाही. म्हणून माझं म्हणणं आहे की आपल्याकडच्या कॉलेजांनी पहिले सहा महिने ड्रोन विकतच घेऊ नये, पोरांना सिम्युलेशनमध्ये, म्हणजे असा स्क्रीनवरच, शंभर वेळा पाडू द्यावा.

आणि हे फक्त प्रयोगशाळेतलं नाही बरं का. २०११ च्या भूकंपानंतर जपानमध्ये सेंदाईच्या तोहोकू युनिव्हर्सिटीच्या धोकादायक झालेल्या इमारतीत वरच्या तीन मजल्यांचा नकाशा विजय कुमार सरांच्या आणि तिथल्या लोकांच्या रोबोंनी मिळून केला, चाकांच्या रोबोच्या पाठीवर बसून उडणारा रोबो आत गेला, अडगळ आली की तेवढ्यापुरतं उडायचं, कारण बॅटरी जास्त वेळ टिकत नाही. आत जीपीएस मिळत नाही, तर लेझरने भिंती मोजत जायचं. आणि २०१५ च्या टॉकमध्ये तर सर फळबागेत पोचलेत, झाडागणिक फळं मोजायची आणि माल किती निघेल ते आधीच सांगायचं.

आमच्याकडे हे काम वडील करतात. चार-पाच ओळींतल्या दहा-दहा वेलींचे घड मोजायचे आणि गुणाकार, व्यापारी येऊन त्याच्या निम्मं सांगतो. त्यांना तो व्हिडिओ दाखवला तर त्यांनी एकच विचारलं, पानाआडचा घड दिसतो का त्याला? मी त्यावरच डोकं लावून बसलोय सध्या.

आपला,
एक वाचक, तासगाव

ता.क. फोटोतला तो पोरगा शेजारच्या गावचा आहे, हात एकदम साफ आहे त्याचा. पुढच्या वेळी त्याला विचारून त्याचं नाव छापा.