परदेशी निघालेल्या पोरांना ‘गप्प बस’ सांगू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परदेशात भारतीय विद्यार्थ्यावर हल्ला झाल्याची बातमी आपल्या दैनिकात आली की त्या आठवड्यात आपल्या कोल्हापुरात राजारामपुरी, ताराबाई पार्कात घरोघरी एकच चर्चा असते: पोराला पाठवायचं की नाही? बँकेत शैक्षणिक कर्जाच्या टेबलावर माझी बरीच वर्षं गेली, त्यामुळे निवृत्तीनंतरही ओळखीपाळखीचे आईवडील कागदपत्रं घेऊन घरी येतात. व्याज, तारण, जामीनदार हे सगळं बोलून झालं की आई हळूच विचारते, “तिथं गोळीबार-बिळीबार होतो म्हणं?”

ही भीती खोटी नाही. २००९-१० मध्ये मेलबर्नला भारतीय विद्यार्थ्यांवर लागोपाठ हल्ले झाले, जानेवारी २०१० मध्ये एका तरुणाचा खून झाला. २०२५ च्या जुलैमध्ये डब्लिन परिसरात भारतीयांना मारहाण झाली, तेव्हा आपल्या दूतावासाला सावधगिरीची सूचना काढावी लागली. पण माझ्या टेबलापलीकडून जे कानावर येत गेलं ते बहुतेक वेगळंच होतं. बंदुकीपेक्षा बँक खातं, भाड्याची खोली, नोकरीचं आमिष आणि गळ्यातलं सोनं यातून आपली माणसं जास्त अडचणीत येतात. त्यावर कुणी पानभर लिहीत नाही.

सोन्याचंच घ्या. लग्न होऊन मुलगी लेस्टरला किंवा बर्मिंगहॅमला निघाली की साज, ठुशी, पाटल्या सगळं अंगावर घालून पाठवायची आपली हौस. ही हौस ब्रिटनमधल्या चोरांनाही पक्की ठाऊक आहे. भारतीय उपखंडातल्या कुटुंबांकडे चोख सोनं असतं म्हणून हीच घरं हेरून फोडली जातात, आणि दिवाळीच्या तोंडावर तिथले पोलीस तशा सूचना देतात. तेव्हा साज गुजरीतल्या सराफाकडून हवा तेवढ्या वजनाचा करा, पण पावती आणि फोटो मुलीकडे द्या आणि साज इथल्या लॉकरमध्ये ठेवा. तिथे रोज घालायला मंगळसूत्र पुरे. आणि विमानतळावरूनच दागिन्यांसकट फोटो स्टेटसला टाकणाऱ्या मामा-मावशींना कुणीतरी आवरा!

खात्याचा प्रकार मला बँकवाला म्हणून जास्त बोचतो. ब्रिटनला पोचलेल्या पोराला कुणीतरी गाठतं, पुष्कळदा आपलीच भाषा बोलणारं. “तुझ्या खात्यावर थोडे पैसे येतील, तू पुढं पाठव, शंभर पौंड तुझे.” पोराला वाटतं, काय बिघडलं? ते पैसे चोरीचे असतात. तिथल्या कायद्यात हा काळा पैसा फिरवण्याचा गुन्हा आहे आणि त्याला १४ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. खातं बंद होतं, पुढे दुसरी बँकही दारात उभं करत नाही. खाती भाड्याने देणारे महाभाग आपल्या जिल्ह्यातही आहेत, त्यामुळे मला यात नवल वाटत नाही.

फोनवरच्या तोतया अधिकाऱ्यांचंही तसंच. ‘तुझ्यावर कराची थकबाकी आहे, लगेच भर, नाहीतर अटक’ असं धमकावून गिफ्ट कार्डं घ्यायला लावायची आणि त्यांचे नंबर विचारून घ्यायचे. कुठल्याही देशाचं सरकार गिफ्ट कार्डातून कर गोळा करत नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडची कॉल सेंटर पकडली, तिथून अमेरिकेतल्या लोकांना हेच फोन जात होते. म्हणजे या धंद्यात आपण दोन्ही बाजूंना आहोत.

खोलीबाबत एकच सांगतो: स्वतः किंवा ओळखीच्या माणसाने पाहिल्याशिवाय अनामत पाठवू नये. इंग्लंडमध्ये नेहमीच्या भाडेकरारात घरमालकाने ती ३० दिवसांत सरकारमान्य योजनेत नोंदवावी लागते, हे पोरांना माहीतच नसतं.

डिप्लोमा करून घरी बसलेल्या मुलांची काळजी मात्र वेगळी. ‘बँकॉकला डेटा एंट्री, राहणं-खाणं फुकट’ असं सांगून नेतात आणि थायलंडच्या हद्दीवरून नदीपलीकडे म्यानमारमधल्या म्यावाडीला पोचवतात. तिथे पासपोर्ट काढून घेऊन, मारझोड करून, लोकांना ऑनलाइन लुबाडायचं काम करून घेतात. मार्च २०२५ मध्ये अशा ५४९ भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणावं लागलं. एजंटाकडे परवाना आहे का हे परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर पाहता येतं, आणि परवानाधारक एजंटाला उमेदवाराकडून ३० हजार रुपये अधिक जीएसटी एवढंच शुल्क घेता येतं. व्हिनस कॉर्नरला चहा पाजून दोन-तीन लाख मागणाऱ्याला एवढे दोन प्रश्न विचारले तरी तो खुर्चीवरून उठतो.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं त्याकडे येतो. ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही शिकवण आपण पोरांच्या बॅगेत कांदा-लसूण चटणीच्या डब्याशेजारी भरून पाठवतो. माझ्या परिचयातल्या एका मुलाचा मँचेस्टरला भररस्त्यात फोन हिसकावला, झटापटीत मनगट मोडलं. वडिलांनी इथून सांगितलं, “गप्प बस. पोलिसात गेलास तर व्हिसाला लागंल.” पोराने ऐकलं. तक्रार नाही म्हणून गुन्ह्याचा क्रमांक नाही, आणि क्रमांक नाही म्हणून विम्याचे पैसेही नाहीत.

कायद्याने राहणाऱ्या विद्यार्थ्याने आपल्यावर झालेल्या गुन्ह्याची तक्रार दिली तर त्याचा व्हिसा जात नाही. मग पोरं घाबरतात कशाला? घोडं पेंड खातं ते कामाच्या तासांत. सत्र चालू असताना ब्रिटनमध्ये पदवी-पदव्युत्तर विद्यार्थ्याला आठवड्याला २० तास, कॅनडात २४ तास, ऑस्ट्रेलियात पंधरवड्याला ४८ तास काम करता येतं. त्याच्या वर रोखीने राबणारा मुलगा मालकाच्या मुठीत सापडतो. मालक पगार बुडवतो, रात्री दीडला दुकान बंद करून चालत जायला सांगतो, आणि वाटेत काही झालं तर हा पोलिसांना सांगणार काय, की मी कुठून येत होतो? लुटणाऱ्यालाही हे कळतं.

आणि तो जादा राबतो कुणासाठी? सरकारी बँकांच्या शैक्षणिक कर्जाचा हप्ता सर्वसाधारणपणे अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभराने सुरू होतो. हे मी प्रत्येक घराला समजावून सांगत आलो. तरी पोरगं उतरून महिना होत नाही तोवर वडील फोनवर विचारतात, “काय, कमवायला लागलास का?” पाहुण्यांत सांगायला आकडा हवा असतो. तो हट्ट सोडला तर पोरगं शेवटच्या बसच्या आधी खोलीवर असेल.

लग्न होऊन गेलेल्या मुलींचं गप्प राहणं तर याहून घातक. नवऱ्याने पासपोर्ट काढून घेतला की ती अडकली असं दोन्ही घरं धरून चालतात. पासपोर्ट भारत सरकारची मालमत्ता असतो, नवऱ्याची किंवा मालकाची नाही, हे १९६७ च्या पासपोर्ट कायद्यातच लिहिलं आहे. दूतावासाकडे तक्रारीसाठी ‘मदद’ पोर्टल आहे, राष्ट्रीय महिला आयोगात अनिवासी भारतीयांच्या विवाहांसाठी स्वतंत्र कक्ष आहे. माहेरच्यांनी ‘थोडं सोस’ म्हणण्याआधी हे तिच्या कानावर घालावं.

पोलिसांशी वागण्याची रीतही देशागणिक बदलते. दाभोळकर कॉर्नरला हवालदाराने हात केला की आपण गाडीवरून उतरून ‘साहेब, साहेब’ करत जवळ जातो. अमेरिकेत असं उतरून चालत गेलात तर पोलिसाचा हात पिस्तुलावर जाईल. तिथे गाडीतच बसायचं, दोन्ही हात स्टिअरिंगवर दिसतील असे ठेवायचे आणि सांगितल्याशिवाय खिशात हात घालायचा नाही. हे आधी कुणी सांगितलं नाही तर पोरांना कळणार कसं?

आखातात मजुरीला जाणाऱ्यांसाठी सरकारचं जाण्यापूर्वीचं मोफत प्रशिक्षण आहे. विद्यार्थी आणि लग्न होऊन जाणाऱ्या मुली त्यात बसत नाहीत. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्गशी कुशल कामगार पाठवण्याचा करार केला, त्यासाठी जर्मन भाषेचे वर्ग ठरले. त्या वर्गांत या विषयाला दोन तास द्यावेत. शिवाजी विद्यापीठ आणि जिल्हा कौशल्य विकास कार्यालयाने परदेशी निघालेल्यांसाठी वर्षातून दोनदा, पालकांसह, असा मेळावा घ्यावा. आणि आपण आपल्या दैनिकात प्रवेशाच्या हंगामात एक चौकट छापावी: अमेरिका-कॅनडात ९११, ब्रिटनमध्ये ९९९, ऑस्ट्रेलियात तीन शून्य, जर्मनी-आयर्लंडसह युरोपीय संघात ११२. तीत ई-मायग्रेट आणि ‘मदद’ची नावंही द्यावीत. मी ती कापून येणाऱ्या प्रत्येक पालकाच्या फाइलला टाचून देईन.

आपला नम्र वाचक,
एक निवृत्त बँक अधिकारी,
राजारामपुरी, कोल्हापूर